खोट

रंगनाथ पाळदे, वय एकसष्ट,
नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून गेल्या वर्षी निवृत्त.
उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या कप्प्यात गाठ.
काढण्याजोगी, असं सीटी स्कॅन म्हणतो.
तो छातीपुरतं बोलतो.
बाकीच्या अंगाचं मला विचारावं लागतं.

वजन उतरलंय का?
"नाही हो."
पट्ट्याला एक भोक जास्तीचं आहे,
खिळा तापवून पाडलेलं, कडा अजून काळी.
मी ते बघते. मी बघितलेलं ते बघतात
आणि शर्ट खाली ओढतात.

सकाळी उठल्यावर डोकं दुखतं?
"चष्म्याचा नंबर वाढला असेल."
आवाज पहिल्यापासून असाच घोगरा?
"यंत्रांवर ओरडून बोलावं लागायचं, मॅडम."
प्रत्येक प्रश्नाला एक निर्दोष उत्तर,
आणि अडचण ही
की त्यातलं कुठलंही खरं असू शकतं.

खुर्ची रिकामी असून विमलबाई मागे उभ्या.
मी गळ्याच्या हाडामागे बोटं फिरवते,
मग मणके ठोकत खाली येते, एकेक करून.
कमरेच्या जरा वर
त्यांचा श्वास अडतो.
चेहरा तसाच.

"एकतीस वर्षं वाकून कागद तपासले. पाठ दुखणारच."
रात्री दुखते? आडवं पडल्यावर?
"छे."
"अडीचला उठून ओट्याला टेकून उभे राहतात,"
विमलबाई म्हणतात. मला नाही,
भिंतीवरच्या कॅलेंडरला.

ओझरच्या एका बाईंनी मला सांगितलं होतं,
सायटिका आहे, जुनाच.
मला तेच ऐकायचं होतं, माझी तारीख ठरली होती.
सहा आठवड्यांनी मुलाने त्यांना उचलून आणलं,
पाय गेलेले.
छातीवरचे टाके मात्र
फार सुरेख भरले होते.

देवळालीकडे तोफांचा सराव सुरू होतो.
खिडकीची काच थरथरते.
इथे कुणी दचकत नाही,
तोफ कुठे असते तेही कुणी विचारत नाही.

मी विचारते, खराब नोट कशी ओळखायचात?
पहिल्यांदाच ते खुर्चीत पुढे सरकतात.
"बघून नाही. बघून सगळ्या सारख्याच.
गड्डी बोटाखालून सोडायची, सरसर.
एखादी अंगठ्याला वेगळी लागते.
का, ते भिंगाखाली कळतं.
कधी चांगलीच निघते, उगाच थांबलो असं होतं.
पण लागली की थांबायचं..."
आणि ते थांबतात.

मी लिहिते : पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय,
रक्तातलं कॅल्शियम.
"म्हणजे गुरुवारी ऑपरेशन नाही?"
रोग एकाच खोलीत असेल तर खोली मोकळी करता येते, मी सांगते.
त्याने मणक्यातही बिऱ्हाड मांडलं असेल
तर छाती उघडून मी तुम्हाला फक्त एक जखम देईन.
मग औषधं आहेत, किरणं आहेत, वेगळा रस्ता आहे.
हे सगळं मी सावकाश बोलते.
त्यांच्यापर्यंत "नाही" तेवढं पोचतं.

"सांगितलंस ना," ते बायकोला म्हणतात.
राग नाही त्यात. थकवाही नाही.
काय आहे ते मला तपासता येत नाही.
विमलबाई त्यांचा शर्ट पाठीमागून नीट करतात,
जिथे मी ठोकलं होतं तिथे
हात जरा जास्त वेळ ठेवून.

गुरुवारच्या यादीत त्यांचं नाव
मी पेन्सिलीने लिहिते.

बाहेर काउंटरवर ते स्कॅनचे पैसे मोजतायत.
मी दार लोटायला गेले तर दिसतात :
पाचशेच्या नोटा अंगठ्याखालून झरझर जातायत,
मागची रांग चुळबुळतेय,
आणि एका नोटेवर अंगठा अडतो.
ते ती ओढून काढतात,
ट्यूबलाइटकडे धरतात, मान तिरकी करून.

इथून मला नुसता कागद दिसतो.